आठ तारांची उजळणी

माझा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. पोरं सगळं मोबाइलवरच शिकायला लागली होती, क्लासला येणार कोण? महिनाभर घरात बसून कंटाळले आणि रत्नागिरीतच, इंटरनेटची जोडणी देणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. काम फोनवर बसायचं. कुणाचं नेट बंद पडलं की त्याला फोनवरून मार्ग दाखवायचा. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे!

शिकवायला होते कुवेतमध्ये वीस वर्षं हेच काम करून परतलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर केबलचा तुकडा, पक्कड आणि मूठभर प्लास्टिकचे कनेक्टर ठेवले.

"चाचा, मी फोनवर बसणार ना?"

"मॅडम, जी वस्तू कधी हातात धरली नाही, तिच्याबद्दल लोकांना सांगणार काय?"

केबलच्या पोटात आठ बारीक तारा. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी... क्रम चुकला की केबल फुकट. भाजी निवडतानाही मी हे पुटपुटायचे. लेक म्हणाली, "आई, कसला जप चाललाय?" अकरा केबल वाया गेल्या. बाराव्या वेळी टेस्टरवर आठही हिरवे ठिपके ओळीने लागले आणि मी ऑफिसात चक्क टाळ्या वाजवल्या. चाचांनी चहा मागवला.

फोनवर मात्र फजिती व्हायची. एका आजींना विचारलं, "लाल दिवा लागलाय का?"

"नाही गो बाय, दिवेलागणीला वेळ आहे अजून."

शेजारी चाचा पोट धरून हसले. मग म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही. समोर काय दिसतंय ते त्यांच्या शब्दांत विचारा. आणि नेट जायच्या आधी काय चाललं होतं, तेही."

तो प्रश्न मी मग प्रत्येकाला विचारू लागले. नाटे बंदरातून एका मासळी व्यापाऱ्याची तक्रार होती: रोज अकराला नेट जातं, चारला आपोआप येतं. आमची माणसं दोनदा सकाळी लवकर जाऊन आली, तेव्हा सगळं ठीक होतं.

"अकराच्या सुमाराला तिथे काय चालतं?" मी विचारलं.

"काय चालणार? होडीवाले येतात, जाळी वाळत घालतात," तो वैतागून म्हणाला.

चाचांना सांगितलं. त्यांनी नेटच्या तारेतून येणारा प्रकाश मोजायचा मीटर माझ्या हातात दिला. "चला."

आम्ही दहाला पोचलो. व्यापाऱ्याकडची तार मीटरला जोडली, आकडा उत्तम. अकराला दोघा होडीवाल्या भावांनी ओलं जाळं आणून बांबूवर चढवलं. बांबू कलला आणि आकडा धाडकन घसरला. वर पाहते तर आमची तार त्याच बांबूला बांधलेली! आत काचेचा धागा, तो बांबू कलला की मुडपत होता आणि त्यातून येणारा प्रकाश अडत होता.

"काढा, काढा जाळं!" मी ओरडले.

दोघं घाबरले. "शॉक लागतो काय?"

जाळं उतरलं, आकडा वर आला. "आता परत घाला!" खाली गेला. "परत काढा!" आता ते दोघं माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघायला लागले. व्यापारी हसत सुटला.

चाचांनी शिडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा, साडी खोचून, मी शिडीवर चढले आणि तार बांबूवरून सोडवून भिंतीला नीट ठोकली. पुन्हा जाळं चढलं. आकडा हलला नाही.

"ताई, वाळत घालू ना आता?" धाकट्याने जपून विचारलं.

"खुशाल घाला!"

परतताना माझ्या हाताला मासळीचा वास होता, कोपर खरचटलं होतं आणि मी अखंड बडबडत होते. पावस गावाच्या अलीकडे चाचांनी मला थांबवलं. "सोमवारपासून काचेचा धागा जोडायचं मशीन शिकायचं. केसाएवढा बारीक असतो, चष्मा आणा."

मी त्या संध्याकाळीच नवा चष्मा करायला टाकला.