कानातले खडे

कोकणातल्या एका प्रयोगशाळेत मी माशांच्या पिल्लांवर काम करत होते, तेव्हा स्कूटरवरून पडून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर महिनाभर राहणार होतं. आई नदीकाठच्या आमच्या प्रकाशा गावाहून निघाली आणि दोन एसट्या बदलून माझ्या खोलीवर पोचली.

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. नदीवरून कुणी मासे घेऊन येताना दिसला, की आई नाकाला पदर लावायची. मी नेमकं काय करते हे तिने गावात कुणाला सांगितलं नव्हतं. ‘सरकारी नोकरी शे,’ एवढंच.

दुपारचा डबा घेऊन ती प्रयोगशाळेत यायची आणि माझ्या टेबलापासून लांब बसायची. माझं काम अडलं होतं. बांगड्याच्या बोटभर पिल्लांच्या डोक्यात, कानाच्या जागी, खसखशीएवढे पांढरे खडे असतात. पिल्लू जगेल तितके दिवस त्या खड्यावर रोज एक वलय चढतं. वलयं मोजून मागे गेलं, की त्याचा जन्मदिवस सापडतो. डाव्या हाताने काढताना माझ्याकडून लागोपाठ दोन खडे फुटले आणि मला रडू आलं.

आई उठून जवळ आली. “मी मासाले हात लावाव नही,” ती म्हणाली. “पण तो खडा दे.”

तिची बोटं मण्यांची तोरणं करून तयार झालेली होती. माझा सहकारी खडे काढून द्यायचा, आई ते धुऊन काचेवर चिकटवायची. एकही फुटला नाही. चौथ्या दिवशी सहकारी रजेवर गेला. आई थोडा वेळ पिल्लं ठेवलेल्या बाटलीकडे बघत राहिली, मग पदर खोचला आणि पिल्लू स्वतःच चिमट्याने उचललं. त्या दिवशी खोलीवर आल्यावर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याआधी तयार होऊन बसली.

वलयं मी मोजली. त्या हंगामात समुद्रात दीड-दोन महिने अंड्यांतून पिल्लं बाहेर पडत होती. आमच्या बारीक जाळ्यांत ती रोज भरभरून आली होती. पण बोटभर होईपर्यंत जगलेल्यांत जवळजवळ सगळी एकाच आठवड्यातली निघाली.

“बाकीना कोठे गयात?” आईने विचारलं.

“मेली. पोटातला साठा दोन-तीन दिवसांत संपतो. तेव्हा आजूबाजूला बारीक जीव खायला नसले, तर संपलंच. किंवा प्रवाह लांब घेऊन जातो. नक्की काय झालं, ते आम्हालाही सांगता येत नाही.”

“त्यासनं काय चुकनं?”

“काही नाही. त्या आठवड्याच्या आधी किंवा नंतर जन्मली, एवढंच.”

तिने चिमटा खाली ठेवला. “आनि त्यासनी मायनं?”

“तिचंही नाही.”

बराच वेळ ती काचा पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुन्हा पहिले मले एक पोर झाई व्हती. आठच दिन जगनी. लोके म्हनेत, मायनंच काहीतरी चुकनं.”

मी चाळिशीला आले होते आणि हे प्रथमच ऐकत होते. माणसाचं लेकरू आणि बांगड्याचं पिल्लू एका मापाने मोजता येत नाही, हे मला कळत होतं. पण तिने माझ्याकडून उत्तर मागितलंच नव्हतं. मी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. थोड्या वेळाने तिने पुढची काच घेतली.

दिवाळीला मी घरी गेले. जेवताना आईने बाबांसमोर सरळ विषय काढला, “हिले मी त्या पोरनं सांगं.” बाबांचा हात ताटात थांबला. इतक्या वर्षांत दोघं त्यावर एकमेकांशीही बोलले नव्हते.

“तिनं जावळ भलतं दाट व्हतं,” बाबा म्हणाले.

आईने मान वर केली. तिला ते आठवत नव्हतं. “आखो सांगा, आनखी कशी व्हती ती?” ती म्हणाली.