रुखवतातला फुटका कप

माझी थोरली जाऊ जनकाबाई हिला गळकी वस्तू बघवतच नाही. घागर असो, पत्रा असो, नाहीतर विहाराच्या नळाची तोटी, ही एमसीलची पुडी घेऊन हजर. बोलावलं नसलं तरी जाते, याचा मला रागही येतो.

गेल्या साली तिच्या मुलाचं, धम्मानंदाचं लग्न सेनगावच्या आकांक्षाशी झालं. पोरगी पुण्यात नोकरीला. वडील नाहीत, आई मंजुषाताईंनी शिवणकाम करून तिला शिकवलं. त्यांनी रुखवत मोठ्या हौसेनं मांडलं होतं. लाडू, करंज्या, मण्यांचे मोर, आणि मधोमध चिनी मातीचा एक पांढराशुभ्र कप, निळ्या फुलांचा, बशी बुडालाच चिकटलेली. जनकाबाईनं तो उचलला आणि तिचा चेहराच पडला. बुडाला बोट जाईल एवढं भोक!

"अगं, फुटका कप रुखवतात काहून ठिवला असंल?" तिनं मला कोपऱ्यात ओढून विचारलं.

मलाही उमगेना. भोक चांगलं गोल, कडा गुळगुळीत. "इहीनबाईनं टोमना तर मारला न्हाई?"

"गप बस. शिवून शिवून डोळे गेले बिचारीचे. दिसलं नसंल."

बाकीच्या बायका यायच्या आत तिनं कप पदराखाली घातला. विचारावं तर विहिणीचा पाणउतारा, न विचारावं तर डोक्याला भुंगा. आणि आमच्या बायकांच्या तोंडी हे लागलं असतं, तर आकांक्षाला म्हातारी होईपर्यंत 'फुटक्या कपाची' म्हणून ऐकावं लागलं असतं.

लग्नानंतर आमच्या घरी पाहुणे पांगल्यावर आकांक्षा कप शोधू लागली. जनकाबाईनं कपाटातून काढून ऐटीत तिच्या हातात दिला. पोरीनं तो ग्लासावर ठेवला, आत कागद बसवला, कॉफीची पूड टाकली, वरून गरम पाणी ओतलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. पाणी तिथंच थांबलं. तिनं वाकून खालून पाहिलं, पुन्हा वरून पाहिलं.

"आत्याबाई, हे गळत का नाही?"

"गळंल कसं? मीच बुजवलं," जनकाबाई हळूच म्हणाली. "कुनाला कळू दिलं न्हाई. तुझ्या आईला बी सांगू नको, जिवाला लागंल तिच्या."

आकांक्षानं समजावलं. कप जपानी आहे, कॉफी त्यातून थेंबथेंब खाली उतरते, भोक त्यासाठीच. मैत्रिणीनं दिलेला, दिसायला सुंदर म्हणून आईनं रुखवतात मांडला.

"गळायसाठी भांडं कोन बनवतं?" जनकाबाईला काही ते पटेना.

आकांक्षा खूप हसली. मग तिनं सेनगावला फोन लावला. "आई, माझ्या काळजीनं रडत बसू नकोस आता. मी घरात पाऊल टाकायच्या आधीच इथं तुझी अब्रू जपली गेली." आणि ती रडूच लागली.

जनकाबाई घाबरून माझ्या कानाशी आली. "सांगू नको म्हनलं, तर आईलाच फोन केला. अन् रडून काहून राहिली ती? माझं काही चुकलं का गं?"

मी तिला हाताला धरून सुनेजवळ नेऊन बसवलं.