आमचे हे गेले, आणि नऊ-चारचा व्हॉइस

उपम्याची ताटली घेऊन बाहेर आले तर कॉट रिकामी, दार सताड उघडं, आणि ह्यांच्या चपला जागच्या जागी. दहा मिनिटांपूर्वी मी ह्यांना इन्सुलिनची सुई दिली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

ज्यांच्या घरात साखरेचा माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सुई दिली की लगेच खायला लागतं. नाही खाल्लं तर साखर खाली जाते, दरदरून घाम येतो, माणूस पडतो. आमच्या ह्यांचं वय एक्याऐंशी, त्यात चार वर्षं विसरण्याचा आजार. घर कुठलं, मी कोण, काही सांगता येत नाही. पडले तर उचलणाऱ्याने न्यायचं कुठे?

मी भुतंखेतं मानत नाही. गावाला असताना चौथीपर्यंत शिकले आणि त्या शाळेशेजारीच स्मशान होतं. आम्ही तिथल्या चिंचा खायचो. कोणाच्या अंगात आलं की मी आधी बघते, भांडी घासायची राहिलीत का. तेव्हा हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते आहे… पण घडलं ते घडलं.

आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, डोंगराच्या चढावर, दुसरा मजला. विनोद माझा मुलगा. तो सकाळी सातला कामावर जातो, सून प्राची आठला. मग घरात मी आणि हे.

प्राचीनेच मला त्या ग्रुपवर घातलं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नाव ‘आम्ही काळजीवाहक’. मी तिला म्हटलं, काळजीवाहू मुख्यमंत्री ऐकलाय, मी कशाला? ती म्हणाली, आई, तिथे सगळे तुमच्यासारखेच आहेत, मन मोकळं करा. मी काही मन मोकळं करणारी बाई नाही. पण दुपारी हे झोपले की ऐकत बसायचे. कोणाची आई रात्री कपाट उपसते, कोणाचा मुलगा अठरा वर्षांचा झाला तरी बोलत नाही, कोणाचे सासरे सुनेला चोर म्हणतात. ऐकून बरं वाटायचं. दुसऱ्याच्या घरीही वाट लागलेली आहे हे कळलं की आपला चहा गोड लागतो. माझा तर बिनसाखरेचाच असतो, कारण घरात साखर-गूळ ठेवला की हे चोरून खातात.

ग्रुपच्या अ‍ॅडमिन मेधाताई, विलेपार्ल्याच्या, निवृत्त शिक्षिका. ग्रुप वर्गासारखा चालवतात. गुड मॉर्निंग बंद, देवाचे फोटो बंद, आणि सकाळी अकरापर्यंत व्हॉइस टाकायचा नाही, कारण लोक ऑफिसात असतात. लिहून टाकायचं. मला एका बोटाने लिहायला एका ओळीला पाच मिनिटं लागतात, म्हणून मी अकरापर्यंत गप्पच असायचे.

तर त्या दिवशी. आधी जिना बघितला, मग गच्ची, मग खाली गेट. वॉचमन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, म्हणे कोणीच गेलं नाही. म्हटलं, एक्याऐंशी वर्षांचा माणूस उडून गेला का रे? फोन घरातच राहिला होता म्हणून परत वर आले, फ्रिजवर चार्जिंगला लावलेला फोन काढला आणि विनोदला लावला. तो म्हणाला, ‘आई, बाबा गिरणीत गेले असणार. काल रात्रीपासून ड्यूटी ड्यूटी करत होते.’

हे परळच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं होऊन गेली, तिथे आता काचेची बिल्डिंग आहे. पण ह्यांच्या डोक्यात ती चालूच असते. विनोद म्हणाला मी परळला निघतो. त्याला पोचायला तास. माझ्याकडे तास नव्हता.

मग म्हटलं ग्रुपवर टाकते. तिथे भांडुप-मुलुंडचे दोन-तीन जण आहेत, कोणी तरी शोधायला येईल. घाईत वरचं काही वाचलं नाही. वाजले होते नऊ सव्वीस. व्हॉइसची बंदी, म्हणून एका बोटाने लिहिलं—

‘आमचे हे गेले’.

पुढे ‘घरातून’ लिहायचं होतं. पण बोट घसरलं आणि तेवढ्यावरच ते बाण-बटण दाबलं गेलं.

मराठी माणसाला ‘हे गेले’ म्हटल्यावर काय कळणार? अर्ध्या मिनिटात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू. बोरिवलीच्या निमकरबाईंनी पांढऱ्या कमळाचा फोटो टाकला, मग समईचा, मग परत कमळाचा. कोणी विचारलं, अंत्यविधी किती वाजता? मी दुरुस्त करायला जाते तोवर दहा जण ह्यांच्या आत्म्याला शांती देऊन मोकळे.

तेवढ्यात फोन वाजला. मुलुंडचा संदीप. बँकेत आहे, अंथरुणाला खिळलेल्या आईचं एकटा करतो, सज्जन मुलगा. आवाज खाली पाडून म्हणाला, ‘आजी, धीर धरा. पण असं अचानक कसं झालं? वीस मिनिटांपूर्वी तर सापडले म्हणालात.’

मी म्हटलं, ‘अरे मेले नाहीत, बाहेर गेलेत. सापडत नाहीयेत. आणि मी कधी काय म्हणाले?’

‘तुमचा व्हॉइस आहे ना. नऊ-चारचा. वर सरका आणि ऐका.’

नऊ-चारला मी गॅससमोर रवा भाजत होते आणि फोन फ्रिजवर होता. तरी वर सरकवलं. श्रद्धांजलींच्या वर, माझ्या नावाने एकोणीस सेकंदांचा व्हॉइस. त्याखाली मेधाताईंचं — ‘सावंतकाकू, अकरापर्यंत व्हॉइस नको ठरलंय ना? आणि कसली फुलं?’ त्याखाली संदीपचं — ‘काका सापडले, बरं झालं.’

दाबलं. माझाच आवाज. मी दमले की ‘स’ जरा शिट्टीसारखा निघतो, कवळीमुळे, तीसुद्धा शिट्टी.

‘सापडले एकदाचे. गिरणीत बसलेत, डब्यांच्या रांगेत नंबर लावून. गूळ घातलाय तोंडात, घाम थांबला आता. आणि ती फुलं टाकायची बंद करा. मला नाही सुटायचंय.’

मागे घरघर घरघर, आणि एक पुरुषाचा आवाज — ‘बाजरी किसकी है?’

माझं ते शेवटचं, सुटायचं वाक्य मला कळलं नाही. पण डब्यांची रांग कळली. परळच्या गिरणीत डबे कुठले? डब्यांची रांग दळणाच्या गिरणीत. आमच्या उताराखाली, मच्छी मार्केटच्या वळणावर गुप्ताची पिठाची गिरणी आहे, महिन्यातून दोनदा मी तिथे जाते. ह्यांनी रस्त्यात कोणाला तरी गिरणी कुठे विचारलं असणार आणि त्याने बिचाऱ्याने जवळची दाखवली असणार. मराठीत कापडाची ती गिरणी आणि पिठाची तीही गिरणीच.

हे सगळं मी आत्ता शांतपणे लिहिते आहे. तेव्हा एवढंच डोक्यात होतं की गूळ पाहिजे. शेजारच्या परबिणीचं दार वाजवलं. ती म्हणते, ‘गूळ कित्याक होयो तुका? घरात साखरेचा माणूस ना?’ मी तिच्या हातातला खडा ओढून घेतला आणि निघाले. संदीपला म्हटलं फोन ठेवू नको. का म्हटलं माहीत नाही. एकटीला उतार उतरायचा नव्हता, असं समजा.

गिरणीत पोचले तर हे खरंच तिथे. पत्र्याच्या डब्यांची रांग लागलेली, ज्वारी, गहू, तांदूळ, आणि शेवटच्या डब्यापुढे स्टुलावर हे, अनवाणी, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. बनियन घामाने चिकटलेलं. ओठ पांढरे. गुप्ता मला सांगायला लागला की काका म्हणाले पाळी बदलायची आहे, बसवून घ्या, म्हणून मी बसवून घेतलं. म्हटलं, मेल्या, तोंड बघितलंस का त्यांचं? तो म्हणाला, दळण चालू असताना कोणाचंच दिसत नाही.

मी गुळाचा तुकडा मोडून ह्यांच्या गालात सारला आणि हनुवटी वर धरली. पहिला तुकडा तसाच राहिला. दुसऱ्याला जबडा हलला. मी तिसरा घातला. ह्यांची मान माझ्या पोटावर टेकलेली आणि मी उभी, हातात पीठ आणि गूळ एक झालेलं. किती वेळ ते सांगता येत नाही. मग ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘भोंगो वाजलो काय?’

म्हटलं, वाजला. सुट्टी झाली. चला घरी.

आणि त्याच वेळी गुप्ताने आतून हाक मारली, ‘बाजरी किसकी है?’

फोन पदरात चालूच होता. संदीप त्यातून म्हणाला, ‘आजी… हे मी मघाशी ऐकलंय.’ मी त्याला म्हटलं गप्प बस, आणि फोन ठेवला.

ह्यांचा घाम ओसरेपर्यंत त्यांच्याशेजारी डब्यावर बसले. फोनवर टिंग टिंग चालूच. मी कोणाला काही सांगितलंच नव्हतं ना अजून. निमकरबाई आता गुलाबांवर आल्या होत्या. आणि त्या फुलांच्या मध्ये एकीने लिहिलं होतं — ‘काकू, वाईट वाटून घेऊ नका. काकाही सुटले आणि तुम्हीही सुटलात.’

तिचा दोष नाही. आठ दिवसांपूर्वी मीच दुपारी व्हॉइस टाकून म्हणाले होते की सुटले तर बरं होईल, त्यांचंही आणि माझंही. त्या दिवशी ह्यांनी तीनदा चादर ओली केली होती आणि मला ‘ही मोलकरीण कोण’ म्हणून विचारलं होतं. ग्रुप असल्याच गोष्टी बोलायला असतो. कोणी मला नावं ठेवली नाहीत. उलट चार जणींनी लिहिलं, आम्हालाही वाटतं.

आता तिथे डब्यावर बसून मला संताप आला. माझं बोट त्या माइकच्या चिन्हावर गेलं आणि तोंडात शब्द तयार होते. सापडले एकदाचे, गिरणीत बसलेत… शेवटच्या वाक्यासकट सगळे. ते वाक्य मी आयुष्यात कोणासमोर बोलले नसते. लग्नाला साठ वर्षं होत आली, ह्यांच्यासमोरसुद्धा नाही. आम्ही तसे बोलणारे लोक नाही.

मी बोट उचललं. एकदा बोलून झालं आहे, दोनदा कशाला? त्याऐवजी लिहिलं, ‘जिवंत आहेत’. दोन शब्द, आणि या वेळी पाठवण्याआधी तीनदा वाचले.

म्हणजे तो व्हॉइस मी पाठवलेला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. तरी तो आहे. प्राचीने संध्याकाळी फोन उलटासुलटा करून बघितला. विनोद परळहून परत आला होता, तो म्हणाला नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं, अरे, नेटवर्क उशिरा पोचवतं, आधी कसं पोचवेल? तर म्हणे फोनचं घड्याळ चुकलं असेल. मग मेधाताईंचं आणि संदीपचंही चुकलं का? त्यांच्याकडेही नऊ-चारच आहे. मेधाताईंनी तर नऊ-पाचला मला त्याबद्दल रागावूनही झालं होतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी माझी साखर तपासायला सांगितली. ती व्यवस्थित आहे.

डॉक्टर एक गोष्ट मात्र बोलले. आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर गूळ गिळण्याइतकीही शुद्ध राहिली नसती.

मेधाताईंनी ग्रुपवर नवा नियम काढला. ‘गेले’ हा शब्द एकटा लिहायचा नाही. ‘बाहेर गेले’ तरी लिहा, नाहीतर ‘वारले’ तरी. शिवाय कोणाचं माणूस हरवलं असेल तर व्हॉइसला वेळेचं बंधन नाही. निमकरबाईंनी माझी माफी मागितली आणि सोबत मोगऱ्याचा फोटो टाकला. त्यांचं काही होणार नाही.

आम्ही दाराला वर, ह्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली. माझाही पोचत नाही, स्टूल घ्यावं लागतं. आता आधी उपमा तयार करून समोर ठेवते, मगच सुई.

तो व्हॉइस मी पुसलेला नाही. परत ऐकतही नाही. प्राची म्हणाली की या सदरात लिहून पाठवा, वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी कारण माहीत असेल. माहीत असेल तर कळवा. मला देवीची कृपा वगैरे सांगू नका, देवीला मोबाइल वापरता येत असेल असं मला वाटत नाही. मला स्वतःला काही कारण सापडलेलं नाही, आणि आता या वयात सापडेल असंही नाही.

त्या दिवशी गिरणीतून जिवंत परत आले ते माझे यजमान, भिकाजी सावंत. आत्ता कॉटवर झोपले आहेत.