निळा फ्यूज आणि खांडबाऱ्याचा रस्ता

तळोद्याला बस स्टँडच्या मागे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी डॅशबोर्डखाली उताणा पडलेला असतो, पळून जाता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक मनातलं सगळं मलाच सांगतं. असे किस्से साचत जातात. नुसत्या फ्यूजचेच डबाभर निघतील.

*

आप्पा बँकेतून रिटायर झालेले. तापीकाठी घरची पपई, दर गुरुवारी काकूंना घेऊन खांडबाऱ्याला लेकीकडे चक्कर. गाडी सुरू झाली की टेप फुल्ल, तो लेकीच्या दारात बंद व्हायचा.

एकदा येताना टेप बंद पडला. मी फ्यूजच्या डब्याचं झाकण काढून फ्यूज दाखवला, आतली तार जळालेली. नवा टाकायला घेतला तर काकू शेजारच्या सीटवरून म्हणाल्या, "आठ दिन राहू दे ना भाऊ तसाच. टेप बंद व्हता त यास्नी खांडबारापासून मन्हासंगे गोष्टी कऱ्यात."

आप्पा हसले, मी हसलो आणि नवा फ्यूज बसवून दिला. काकू हसल्या नव्हत्या, हे मला नंतर आठवलं.

*

खापरचे एक गुरुजी. माणूस फार टापटिपीचा. टेप बंद पडला म्हणून त्यांनी तो स्वतःच उपसून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घालून एसटीने माझ्याकडे आणला.

मी बॅटरीवर लावून पाहिला, खणखणीत वाजला.

"गुरुजी, टेप चांगला आहे. गाडीतला फ्यूज गेला असेल. गाडी कुठंय?"

"खापरला."

मग मी कागदावर डब्याचं चित्र काढून दिलं, कुठला फ्यूज बदलायचा त्यावर फुली मारली. गुरुजींनी चहा घेतला, दोनदा आभार मानले आणि एसटी पकडली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"फ्यूज सापडला, बदलला. तुमचं चित्र अगदी बरोबर. फक्त टेप तुमच्या बाकड्यावर राहिलाय."

*

पुढच्या गुरुवारी आप्पांचा वायपर बंद. फ्यूज जळालेला नाही, जागेवर नाहीच. त्याच्या पुढच्या गुरुवारी हॉर्न बंद. तोही फ्यूज गायब.

"उंदीर शे गाडीमा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, उंदीर वायर कुरतडेल. पण फ्यूज काढून झाकण परत कसं लावेल?"

आप्पा चहा सांगायला टपरीवर गेले. काकूंनी पर्स उघडली. रुमालाच्या गाठीत दोन फ्यूज.

"भाऊ, टेपना कोणता शे? माले सापडस नई."

मी टपरीकडे नजर टाकली.

"घरमा टीव्ही, गाडीमा टेप," त्या म्हणाल्या. "माणूस बाजूले बठेल शे, नि मी येकटी."

खरं तर गिऱ्हाईक आप्पा. पैसे तेच देतात. पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. म्हटलं, "दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. निळा. चिमट्यानं सरळ ओढायचा, वाकडा नाही."

काकूंनी बोटावर दोनदा मोजून पाहिलं.

*

आमचा छगन सातपुड्यातल्या गावांना जीप चालवतो. तिकडच्या जीपला ब्रेक एक वेळ कमी चालेल, गाणं पाहिजे. गाणं नसलं की पॅसेंजर सरळ मागच्या जीपमध्ये जाऊन बसतात.

भर बाजाराच्या दिवशी त्याचा टेपचा फ्यूज उडाला. दुसरा जवळ नव्हता, म्हणून त्याने हॉर्नचा काढून टेपला लावला आणि आठ दिवस तसाच घाटात फिरला. नवव्या दिवशी दुकानात येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अरे, घाटात हॉर्न नाही? वळणावर काय करतोस?"

"आवाज वाढावस ना भाऊ," छगन शांतपणे म्हणाला. "समोरनाले आपोआप समजस."

त्याच दिवशी त्याला जागेवर बसवून हॉर्नचा फ्यूज लावून दिला. मूठभर फ्यूज खिशातही कोंबले.

*

मग दोन गुरुवार आप्पा दुकानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी खांडबाऱ्याला जाताना काकूंनी गाडी दारात थांबवायला लावली. आप्पा काच पुसायला उतरले तशा काकू घाईघाईने कुजबुजल्या, "भाऊ, टेप वाजस नई. मी त निळा परत लाई दिधा. दोन खेपा गाणं नई, यासनं तोंड कसं उतरी गयं व्हतं. माले पाह्यवेना."

मी झाकण काढलं. निळा फ्यूज जागेवर. टेस्टर लावला, दोन्ही टोकांना करंट. म्हणजे फ्यूज ठीक. टेप पुढे ओढून मागे हात घातला, तर मागचा प्लगच काढलेला. धक्क्याने निसटलेला नव्हता. नीट काढून, वर चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवलेला.

"आप्पा," मी प्लग वर धरला, "हा बघा, हा कोणी तरी..."

आप्पांनी खिडकीतून हात घातला, माझ्या हातातला प्लग घेतला, न जोडताच परत त्या भोकात सारला आणि वर टेप ढकलून बसवला.

"काही सापडस नई तुले," ते म्हणाले. "सोड. आम्हले उशीर व्हई ऱ्हायना."

ते गाडीत बसले, पट्टा लावला, आणि काकूंकडे वळून म्हणाले, "हं, मंग? तुन्ही मावशी काय बोलनी?"