ओवाळण्याआधी उतरलो

आज साक्कोट्टैच्या रस्त्यावर लग्नासाठी सजवलेला घोडा उभा होता. त्याच्या घामाचा नि मोगऱ्याचा मिसळलेला वास आला आणि मला माझी वरात आठवली.

आमच्या तंजावरी मराठी घरांत सासूनं ओवाळल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. कुंभकोणमला सासरच्या दारातच फटाका फुटला आणि घोडा उधळायला लागला.

"उतरू नका, अपशकुन होईल," मंडळी म्हणाली.

सासूबाई घोडे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांनी निरांजनाचं ताट सरळ जमिनीवर ठेवलं. "दोन्ही पाय रिकिबीतून काढा. मानेवर वाका नि डावीकडे उतरा."

मी उतरलो. तेव्हा चारचौघांत ओशाळलो होतो.

आमचा संसार सुखाचा झाला, त्याचं श्रेय लोक पत्रिकेला देतात. मला ते जमिनीवरचं ताट दिसतं.