सरला पाण्यात उतरली नाही

हे आजवर तोंडातून निघालेलं नाही. मुलाजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही.

सरला गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर मेथी निवडत बसलो होतो, अमेरिकेत कॅरीला, मुलाच्या घरी. तिच्या लाडक्या स्वीडनवालीची पोहण्याची शेवटची शर्यत होती. अमेरिकेत आल्यापासून सरला त्या पोरीच्या मागे. पोरीची पदकं, मग निकामी झालेला खांदा, मग पुन्हा पाण्यात येणं — नातू कॉम्प्युटरवर बघून आजीला सगळं सांगायचा. त्या दिवशी पोरगी पाचवी आली.

"आली ना परत? पुरे झालं," सरला म्हणाली. आणि मला, "अहो, पानं टाकताय आणि काड्या ठेवताय!"

सरला स्वतः पट्टीची पोहणारी. माहेरी विहिरीत काठावरून उडी मारायची. लग्नानंतर मी बंद केलं. मी गिरणीवाला, चौथी शिकलेला — पण शिकलेले तरी वेगळे वागतात का? जाऊ दे. इथे आल्यावर सुनेनं तिला पोहायला स्विमिंग पूलवर न्यायचं ठरवलं. अंगभर, बाह्यांचा पोहायचा पोशाख आणला. सरला तो घालून आरशासमोर उभी राहिली, लाजली, हसली. आणि मला काय दिसलं? इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं त्याच पूलवर येतात, ती बघतील — एवढंच.

सरळ नको म्हणायची छाती नव्हती. सुनेला बाजूला घेतलं. म्हटलं, तिला फिट येते, लहानपणापासून. तिला विचारू नकोस, ती लपवते.

कधी आली नव्हती. एकदाही नाही.

पूलवर जाणं कॅन्सल झालं. पण खोटं तेवढ्यावर थांबतं? मुलानं बाथरूमच्या दाराचं लॉक काढून टाकलं. तान्ही नात तिच्या मांडीवर द्यायचे ते कुणीतरी शेजारी बसूनच. शेगडीपाशी एकटी सोडायचे नाहीत. सरला मला विचारायची, "माझं काही चुकलं का हो?" — आणि मी चहा ढवळत राहायचो. किती वर्षं ढवळला तो चहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाथरूममध्ये पडलेली सापडली. अँब्युलन्सवाल्या बाईनं विचारलं, काही आजार होता का. मुलगा इंग्रजीत सांगायला लागला, मध्येच थांबला, रडत माझ्याकडे वळला.

"बाबा, फिटच आली असणार ना आईला?"

मी हो म्हणालो.