मागणीच्या कामानं गोरेगावला

माझ्या अकलेचं प्रदर्शन आजवर बऱ्याच ठिकाणी झालंय, पण गोरेगावात जे झालं ते ऐकून तुम्ही कप खाली ठेवाल. हसायचं तर हसा. मला अजून नीट हसता येत न्हाई.

मी हिंगोलीत विजेच्या नियोजनाचं काम करतो. नव्या मीटरमध्ये घराचा तासातासाचा वापर कळतो. कोणाकडं सकाळी गिझर, कोणाकडं संध्याकाळी टीव्ही. सारख्या सवयीच्या घरांचे गट पाडायचे आणि पुढं वीज किती लागेल याचा अंदाज बांधायचा. लागणाऱ्या विजेला आम्ही ऑफिसात नुसतं 'मागणी' म्हणतो. घात झाला तो ह्या एका शब्दानं.

आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावचं एक घर कोणत्याच गटात बसेना. रोज भर दुपारी तिथला वापर उंच चढायचा. म्हटलं, जाऊन बघावं. घरमालक किशनरावांना फोन लावला. "काका, हिंगोलीहून बोलून राहिलो. तुमच्या घरच्या मागणीसाठी यायचं होतं."

त्यांनी हळूच माझं शिक्षण विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. लग्न झालंय का म्हणाले, न्हाई म्हटलं. माणूस चौकस आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. एम.एस्सी. झालोय हो मी!

रविवारी दुपारी गेलो तर अंगणात सडा, ओसरीवर नवी सतरंजी, किशनरावांच्या पोरीचे दोन मामा इस्त्रीच्या कपड्यांत. पोह्यांची बशी पुढं आली. मीटरवाल्याला एवढा मान कोण देतं सांगा?

किशनरावांची मुलगी वंदना पाणी घेऊन आली आणि खाली मान घालून बसली. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त माझा आलेख दिसत होता. मी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, ह्या घरावर सगळ्यात जास्त लोड कोणाचा हाय?"

वीज कोण जास्त वापरतं, एवढंच मला म्हणायचं होतं हो. किशनरावांचा चेहरा उतरला. वंदनानं मान वर केली.

"माझाच हाय," ती म्हणाली. "काहून? कोणी सांगितलं तुमाला?"

"मीटरनं," मी म्हटलं आणि पिशवीतून आलेखाचा कागद काढला.

एक मामा उठून बाहेर गेले. किशनराव कागदाकडं बघत राहिले. "विजेची मागणी व्हय," असं इतक्या हळू म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. "पोहे खा. गार होऊन राहिले." मी सगळे खाल्ले.

निघताना वंदनानं आतली खोली दाखवली. मोटरची शिलाई मशीन, शेजारी इस्त्री, शाळेच्या गणवेशांचा ढीग. रोज दुपारी ती शिवायची आणि त्यावरच घर चालायचं.

"आज मशीन बंद ठेवून बसले होते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तेवढं लिहा तुमच्या कागदावर."

लिहायची गरजच पडली न्हाई. महिन्याभरानं साहेबांनी त्या घराचा आलेख उघडला. सगळ्या दुपारी उंच, मधला एकच रविवार सपाट. साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"ह्या दुपारी काय झालं होतं रे? लाइट गेली होती का?"

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "मी गेलो होतो."